मदत हवी आहे : वसतिगृहाऐवजी हॉटेलात राहतोय, आता नाताळात कुठे जायचं?

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, रत्नागिरीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पावसात आमच्या वसतिगृहाचा स्लॅब गळायला लागला, म्हणून कॉलेजने आम्हाला भाट्याच्या पुलापलीकडे एका हॉटेलात हलवलं. "महिनाभरच" म्हणाले होते. दसरा गेला, दिवाळीही गेली.

खोली चांगली आहे, खोटं कशाला बोलू. (एसीचा रिमोट मात्र मॅनेजरने पहिल्याच दिवशी काढून घेतला.) हाल होतात ते जेवणाचे. मेस बंद, हॉटेलची थाळी रोज परवडत नाही आणि खोलीत साधी किटलीही चालत नाही. आई आठवड्यातून दोनदा एसटीने डबा पाठवते, त्यावर चौघे तुटून पडतो.

आता मालक म्हणतात, नाताळ ते 31 डिसेंबर पर्यटकांचं बुकिंग आहे, 20 तारखेपर्यंत खोल्या रिकाम्या करा. कॉलेजात विचारलं की "बघतो" एवढंच उत्तर. वसतिगृहाची फी आम्ही वर्षाची भरली आहे. लेखी अर्ज नेमका कोणाकडे द्यावा? प्राचार्यांच्या वर कोण?

दुसरं, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) वसतिगृहाचा दाखला जोडायचा तर आमचा पत्ता कोणता धरतात? असा अनुभव कोणाला आहे का?

आणि मारुती मंदिर किंवा नाचणे भागात चार मुलांसाठी तीन-चार महिन्यांपुरती खोली असेल तर कृपया कळवा. सगळे अकरा महिन्यांचा करार मागतात. आम्ही मासे खोलीत तळणार नाही, शब्द देतो.