कोल्हापूर–पन्हाळा सायकल फेरी: नावं दीडशे, कामाला माणसं बारा. सुरक्षिततेचं कसं करावं?

बारावी_गल्ली

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतली पोरं आणि काही ताई मिळून जानेवारीत सायकल फेरी काढायचं ठरवलंय. शर्यत नाही. दसरा चौकातून निघायचं, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा, वर नाश्ता आणि परत. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. फी नाही, टी-शर्ट नाही. केळी आणि पाणी गल्लीतल्या दुकानदारांनी कबूल केलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म टाकला आणि बघता बघता दीडशे नावं आली. त्यात नववी-दहावीची मुलं आहेत, साठी ओलांडलेले काका आहेत, गिअरच्या सायकलवर नेहमी पन्हाळा करणारे आहेत आणि माळ्यावरची जुनी सायकल खाली काढणारेही आहेत. कामाला माणसं बारा. रविवारी पहाटे साडेपाचला निघावं, म्हणजे ऊन तापायच्या आत घरी, असा विचार आहे.

पोलिसांकडे अर्ज कुठे द्यायचा? अ‍ॅम्ब्युलन्स भाड्यानं घ्यावी की 108 वर भागेल? हमीपत्र लिहून घेतलं की आपली जबाबदारी संपते का? मुलांच्या आया मला रस्त्यात थांबवून विचारतात, "तुम्ही आहात ना बरोबर?" मी हो म्हणते. ते नुसतं म्हणण्यापुरतं राहू नये, म्हणून इथं विचारतेय.

वाघबीळचा_चढ

ताई, अर्जाचं नंतर सांगतो. आधी दीडशेचा आकडा खाली आणा.

तुमची बारा माणसं कागदावर मांडून बघा. शिवाजी पुलाच्या तोंडाला दोघं, वडणगे फाट्यावर एक, केर्लीला जोतिबाचा रस्ता फुटतो तिथं दोघं, वाघबीळला वळायचं तिथं दोघं, घाटातल्या वळणांवर तिघं. दहा संपले. सगळ्यात शेवटच्या सायकलीमागं एक आणि टेम्पोत एक. झाले बारा. आता पंक्चर कोण काढणार? चढावर दम लागून बसलेल्या पोरापाशी कोण थांबणार? शिवाय दीडशे सायकली एकत्र चालत नाहीत. नेहमीचे लोक तासाला बावीस-पंचवीसनं जातात, नवखे दहानं. तासाभरात पुढचे पन्हाळ्याचा चढ चढत असतात आणि मागच्यांना केर्लीही आलेली नसते. एवढ्या लांब पसरलेल्या माणसांवर लक्ष ठेवणं बारा जणांना जमणार नाही. पन्नासच्या वर घेऊ नका. बाकीच्यांना दुसऱ्या फेरीची तारीख द्या. नाही म्हणायला जड जातं, तरी म्हणा.

दुसरं, रविवार सोडा. तो जोतिबाचा वार. केर्लीपर्यंत तुमचा आणि भक्तांचा रस्ता एकच, आणि माघ लागला असेल तर खेटे घालणारी, म्हणजे माघातल्या रविवारी चालत जोतिबाला जाणारी, माणसं पहाटेच अनवाणी निघालेली असतात. वर पन्हाळ्यावर पर्यटकांच्या गाड्या. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून किल्ल्याकडं ओढा आणखीच आहे. त्यापेक्षा दुसरा शनिवार धरा, बऱ्याच जणांना सुट्टी असते.

साडेपाचही नको. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पंचगंगेच्या काठानं धुकं पडलं तर पुलाच्या पुढं दहा हातांवरचं दिसत नाही. माळ्यावरून काढलेल्या सायकलींना लाईट नसतोच. नीट उजाडल्यावर सव्वासातला निघा. हिवाळ्यात दहा-साडेदहापर्यंत ऊन सोसतं. तरी प्रत्येकाच्या मागं लाल दिवा असू द्या आणि हेल्मेटशिवाय कुणाला सोडू नका, शेजारचा असो नाहीतर पाहुणा.

अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, प्रत वाहतूक शाखेला. शहराबाहेर पडलं की हद्द बदलते, म्हणून वाटेतल्या प्रत्येक ठाण्याला वेगळी प्रत. महिनाभर आधी जा. सोबत नकाशा, वेळापत्रक आणि दोन जबाबदार माणसांचे नंबर. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पोरांना एक गोष्ट पक्की सांगा: रस्त्यावरची वाहनं थांबवायचा अधिकार आपल्याला नाही, तो पोलिसांचा. झेंडा सायकलवाल्याला दाखवायचा, एसटीला नाही. उभं राहायचं ते वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला. आणि शेवटची सायकल पुढं गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढचा घोळका गेला की पोरांना वाटतं काम झालं, आणि ती मिसळ खायला जातात. खरी गरज त्यानंतरच असते, कारण मागं राहिलेला माणूस दमलेला असतो आणि त्याचं रस्त्यावरचं लक्ष उडालेलं असतं.

आता उतार. चढताना माणूस फार तर खाली उतरून सायकल ढकलेल. मला काळजी परतीची वाटते. पोट भरलंय, फोटो काढून झालेत, वारं अंगाला लागतंय, आणि नववीतला पोरगा ब्रेक सोडून देतो. वळणावर वेग आवरत नाही म्हणून तो पलीकडच्या बाजूला जातो आणि समोरून गाडी येते. काहीजण उलटं करतात, वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबूनच ठेवतात. त्यानं रिम इतकी तापते की बोट लावून बघा, चटका बसतो. तापलेल्या रिमवर रबर नीट धरत नाही आणि ऐन वळणावर ब्रेक हलका लागतो. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, दोन्ही हातांनी, दाबून सोडून दाबून सोडून. वळताना बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाला. हे तोंडी सांगून येत नाही. आदल्या आठवड्यात मोकळ्या मैदानात तासभर करून घ्या.

माझं मत विचाराल तर फेरी पन्हाळ्यावरच संपवा. सवयीचे लोक पाच-पाचच्या टोळीनं, मध्ये दोन-तीन मिनिटं सोडून उतरतील. अठराच्या आतली मुलं आणि दांड्याच्या ब्रेकच्या सायकली टेम्पोतून खाली. पोरं नाराज होतील, होऊ देत.

हमीपत्रानं निष्काळजीपणा माफ होत नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या सहीला कायद्यात किंमत नाही, पालकांची घ्या, आणि ती त्यांना समोर बसवून, मार्ग समजावून घ्या. एका दिवसाचा गट अपघात विमा मिळतो का, एजंटाकडं चौकशी करा.

रंकाळा_फास्ट

एवढं सगळं करायचं म्हटलं तर फेरी कोण काढणार दादा? आम्ही वीस-पंचवीस जण दर रविवारी जातोय की पन्हाळ्याला. ना अर्ज ना मार्शल. सायकल चालवणारी माणसं वाढायला पाहिजेत, नियम नव्हे.

वाघबीळचा_चढ

भावा, तुम्ही पंचवीस जण एकमेकांना ओळखता. पुढचा हात हलवतो, मागच्याला कळतं खड्डा आहे. कोण उतारावर घाबरतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. ताईंच्या फेरीत येणारी माणसं एकमेकांना त्या सकाळी पहिल्यांदा भेटणार आहेत, आणि ती ताईंच्या शब्दावर येतायत. फॉर्म टाकला की हा फरक पडतो. तुझ्या टोळीतले दहा जण त्या दिवशी दहा नवख्यांबरोबर हळू चालवतील का? ताईंचं निम्मं ओझं उतरेल.

उसाचं_वाडं

मी सायकलवाला न्हाई. माझा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला असतो, हाच रस्ता. वाचून ऱ्हावलं न्हाई म्हणून लिवतोय.

ऊस भरलेली डबल ट्रॉली जागेवर थांबत न्हाई. ब्रेक मारला तरी मागचा भार ढकलतोच. मागचं मला काय बी दिसत न्हाई, ट्रॉलीच्या दोन्ही अंगाला ऊस बाहेर आलेला असतो. तुमचा माणूस डाव्या अंगानं आत शिरला तर मला पत्ता लागायचा न्हाई. वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूनं कापत येते, मधे सापडला तर जायला जागा न्हाई. चढाला तर पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग हातात ऱ्हात न्हाई. तवा ट्रॅक्टर दिसला की मागंच ऱ्हावा, चार गाड्यांचं अंतर ठेवा. पुढं जायाचंच असंल तर रस्ता मोकळा बघून उजव्या बाजूनं, एकेकटं.

अजून एक. रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात. मोटरसायकलला काय होत न्हाई, तुमचा पातळ टायर त्यावर चढला की आडवा. सकाळी पुढं एक माणूस खराटा घेऊन पाठवा, चेष्टा न्हाई करत.

आणि आदल्या दिवशी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन सांगा, अमुक टायमाला सायकली हायत. आमच्या ड्रायव्हरांना रातभर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत झोप नसते. आधी कानावर असलं तर माणूस जपून चालवतो.

अपघात_विभाग

मी नर्स आहे. 108 ला फोन लावाच, पण फोन घेणारा माणूस कोल्हापूरचा असेलच असं नाही. त्याला आधी जिल्हा, मग तालुका करवीर की पन्हाळा, मग गाव आणि जवळची खूण सांगा. प्रत्येक मार्शलच्या खिशात त्याच्या जागेचा हा पत्ता लिहिलेली चिठ्ठी द्या, घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी सुचत नाही. गाडी येईपर्यंत वेळ जाणारच, म्हणून पन्नास माणसांसाठी तुमची स्वतःची एक गाडी आणि प्रथमोपचार येणारा एक माणूस घाटाच्या पायथ्याला ठेवा.

खरचटलं तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा, हळद-चहापूड भरू नका. खांदा धरून बसला असेल तर हात झोळीत बांधा. डोकं आपटलं असेल तर तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला परत सायकलवर बसवू नका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, उलटी झाली, झोप येतेय म्हणतोय, तर सरळ दवाखाना. मान दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका.

छातीवरच्या नंबराच्या मागं घरचा फोन, रक्तगट आणि चालू गोळ्या लिहून घ्या. साठीच्या काकांना बीपी-शुगरबद्दल आधी घरी जाऊन विचारा, चौकात सगळ्यांसमोर ते सांगणार नाहीत.

आणि मदतीला थांबलेल्या माणसांना सांगा, घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134अ आलंय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

बारावी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाराजणांना बसवून हे मोठ्यानं वाचून दाखवलं. ठरलं ते असं: पन्नास जण, दुसरा शनिवार, सव्वासात. उरलेल्यांना फेब्रुवारीची तारीख कळवली, काही रुसले आहेत. अठराच्या आतल्यांची फेरी पन्हाळ्यावर संपणार आणि ती टेम्पोतून खाली येणार, हे त्यांच्या आयांना मी स्वतः घरी जाऊन सांगतेय. निघताना आणि वर पोचल्यावर नंबर मोजायला दोघींनी वह्या घेतल्यात. न सांगता कुणी मधूनच घरी गेला तर त्याला घाटात शोधत बसायला नको.

रंकाळा_फास्टचा मेसेज आला, त्यांचे आठ जण नवख्यांबरोबर चालवणार आहेत. उसाचं_वाडं दादा, गट ऑफिसात तुम्ही बरोबर याल का? आम्हा बायकांनी एकट्यानं सांगण्यापेक्षा तुमच्यासारखा रस्त्यावरचा माणूस बोलला तर ऐकतील. शुक्रवारी दुपारी चालेल का कळवा.

आणि टेम्पोत सायकली एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये घालायला जुनी पोती आणि दोरी हवीय. कुणाकडे असेल तर इथंच सांगा, पोरं येऊन घेऊन जातील.