४८ तास उपाशी रॅट: चरबीत मॅलिक एन्झाइम उतरत का नाही?

प्रश्न
रॅट ४८ तास उपाशी ठेवले, पाणी चालू. यकृतात मॅलिक एन्झाइम (चरबी बनवायला लागणारं एनएडीपीएच हे रेणू पुरवणारं) प्रति मिलिग्रॅम प्रथिन निम्म्यावर आलं, त्याच कामाचं जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज) हेही उतरलं. एपिडिडिमल (वृषणाजवळच्या) चरबीत मात्र मॅलिक प्रति ग्रॅम ऊती जवळपास खाल्लेल्या गटाइतकंच. त्याच चरबीत लायपोप्रोटीन लायपेज (एलपीएल, रक्तातली चरबी फोडणारं एन्झाइम) कोसळलेलं. चरबी इतकी निवड करते, की माझं मोजणं चुकतंय?

प्रतिसाद १
कशाने भागताय ते आधी बघा. उपासात चरबीपेशीतलं तेल जातं, पेशी तेवढ्याच राहतात. म्हणजे एका ग्रॅममध्ये आता जास्त पेशी मावतात. प्रत्येक पेशीतलं एन्झाइम घटलं तरी प्रति ग्रॅम आकडा जागचा हलत नाही. डीएनएने भागा, किंवा दोन्ही बाजूंच्या अख्ख्या पॅडचा (चरबीच्या गादीचा) हिशोब मांडा.

यकृतातही भाजक फसवतो, पण वेगळ्या तऱ्हेने: तिथे प्रथिनच घटतं. समजा खाल्लेल्या यकृतात २००० मिग्रॅ प्रथिन आणि प्रति मिग्रॅ क्रियाशीलता ४०, तर एकूण ८०,०००. उपाशी यकृतात १३०० मिग्रॅ आणि २०, एकूण २६,०००. तुम्हाला निम्मं दिसतं, प्रत्यक्षात उरलं एक तृतीयांश.

प्रतिसाद २
भाजक सुधारला तरी एलपीएल आणि मॅलिक एका वेगाने पडणार नाहीत. एलपीएलचा एमआरएनए (प्रथिन बनवायचा संदेश) उपासात फारसा हलत नाही. चरबीत एएनजीपीटीएल४ हे प्रथिन वाढतं आणि तयार एलपीएल निकामी करतं, म्हणून काही तासांतच घसरण. मॅलिकचं नवं उत्पादन थांबतं, पण आधीचा साठा सावकाश झिजतो.

एसीसी (असिटिल-कोए कार्बोक्सिलेज, चरबी बनवायच्या वाटेवरचं एन्झाइम) मोजणार असाल तर सांभाळा. त्याचं फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट बसणं) मिनिटांत बदलतं. यकृत कापून बशीत पडून राहिलं की ऑक्सिजनअभावी एएमपीके (ऊर्जा कमी पडली की एसीसीवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) जागं होतं आणि खाल्लेला प्राणीही उपाशी असल्यासारखा दिसतो. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या चिमट्याने जागीच दाबून गोठवा. एचएसएलचं (साठवलेली चरबी फोडणारं हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज) दुखणं निराळं: तेलाच्या थेंबावर जाऊन बसणं हा त्याच्या सक्रियतेचा मोठा भाग, आणि होमोजिनेट केलं (ऊती वाटून एकजीव केली) की तोच पुसला जातो. आकडा सपाट आला म्हणून उपासाचा परिणाम नाही असं समजू नका.

प्रतिसाद ३
जी६पीडीच्या नळीत ६-फॉस्फोग्लुकोनेट डीहायड्रोजनेजही एनएडीपीएच बनवत असतं. दोन्ही सबस्ट्रेट (ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट) घालून एक वेग, फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट घालून दुसरा. वजाबाकी म्हणजे जी६पीडी.

पिंजऱ्याचा तळ जाळीचा होता का? नसेल तर रॅट विष्ठा खातात, भुसाही चघळतात, आणि उपास नावापुरता उरतो. शिवाय ते मुख्यतः रात्री खातात, तेव्हा दोन्ही गट एकाच घटकेला कापा.

प्रश्नकर्ता
तळ जाळीचाच होता. डीएनए मोजलेला नाही; गोठवलेलं होमोजिनेट आणि सेंट्रिफ्यूजनंतरचा वरचा द्रव, दोन्ही आहेत.

प्रतिसाद १
होमोजिनेटमधूनच काढा, नीट हलवून. वरच्या द्रवात डीएनए जवळपास नसतोच, तो तळाच्या गाळात गेलेला असतो.