ओमानची शेड, लोट्याचा पाऊस: उशीर कोणाच्या खात्यावर?

लोटे_बे३ (२० जून)
मंडळी, लोटे परशुराम एमआयडीसीत फॅब्रिकेशन युनिट आहे. ओमानमधल्या सोहारच्या एका गोदामाचं १८० टन स्टील बनवून, रंगवून, न्हावा शेवाहून पाठवून तिकडे उभं करून द्यायचंय. आम्ही सबकॉन्ट्रॅक्टर, करार फिडिकच्या (बांधकाम करारांचे नमुने काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९९ च्या रेड बुक या नमुन्यावर बेतलेला. ड्रॉइंग १० एप्रिलला मिळायची, ती आली २४ मेला. वर १२ जूनला बेस प्लेटची (खांबाच्या बुडाची प्लेट) भोकं बदलून नवी रिव्हिजन. मेमध्ये उरकायचं रंगकाम आता ऐन पावसात आलंय. उशिराचा दंड रोज ०.१ टक्का, कमाल १० टक्के. पावसाचं कारण देऊन मुदतवाढ मागतोय. कलम कुठलं लावू? आणि या हवेत रंग धरेल का?

गुहागरी_क्यूएस
पावसाचं नाव पहिल्या ओळीत काढूच नका. रेड बुकच्या कलम ८.४ मध्ये हवामानावर मुदतवाढ आहे, पण ते 'अपवादात्मक प्रतिकूल' असावं लागतं. कोकणात जुलैत पाऊस पडला याला अपवाद कोण म्हणेल? शिवाय त्या कलमात फक्त दिवस मिळतात, पैसे नाहीत. २०१७ च्या आवृत्तीत तर साइटवरचं हवामान असं स्पष्टच लिहिलंय, आणि साइट सोहारला आहे, लोट्याला नाही.

तुमचं कलम १.९, उशिरा आलेली ड्रॉइंग. त्यात दिवसही मिळतात आणि खर्च अधिक वाजवी नफाही. मांडणी अशी करा: ड्रॉइंग वेळेत आली असती तर रंग मेमध्ये झाला असता. काम पावसात ढकललं गेलं हा त्या उशिराचा परिणाम. म्हणजे शेड कोरडी ठेवण्याचा खर्चही त्याच क्लेममध्ये बसवता येतो.

आता तारखा. कलम २०.१ प्रमाणे, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून २८ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती चुकली तर मुदतवाढ आणि पैसे, दोन्हींवर पाणी. १० एप्रिलपासून मोजलं तर ८ मेलाच मुदत संपली. तो भाग अवघड आहे, तरी लिहून ठेवा. १२ जूनची रिव्हिजन मात्र १० जुलैपर्यंत हातात आहे. सबकॉन्ट्रॅक्टमध्ये मुदत अनेकदा याहून कमी असते, कारण मुख्य कंत्राटदाराला पुढे आपली नोटीस द्यायची असते. तेव्हा आधी तुमच्या करारातला आकडा बघा. नोटिशीत रक्कम लागत नाही. घटना, तारीख, कलम एवढं पुरे. तपशीलवार क्लेम ४२ दिवसांत. सुधारित प्रोग्रॅम सोबत जोडा आणि त्यात गणपतीच्या सुट्ट्या दाखवा. त्या आठवड्यात शेड रिकामी असते हे ओमानमधल्या इंजिनिअरला कुठून ठाऊक असणार!

ब्लास्ट_आणि_ब्रश
रंगाचं सांगतो. नियम दोन: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर. जुलैत शेडमध्ये हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के धरा. दवबिंदू येतो सुमारे २६.२, म्हणजे स्टील २९.२ हवं, हवेपेक्षाही गरम. नुसते पंखे लावून हे होत नाही. तीच हवा ३२ अंशांवर नेली की आर्द्रता ७२ च्या आसपास उतरते. पण हीटर धूर बाहेर सोडणारा घ्या. उघड्या ज्वाळेचा गॅस किंवा डिझेल बर्नर आत लावलात तर जळताना पाण्याची वाफ सुटते, आणि दवबिंदू वर सरकतो. डीह्युमिडिफायर असेल तर उत्तम, पण ताडपत्रीने शेडचा एक बे (भाग) बंद करून तेवढ्यातच लावा.

ब्लास्ट (कणांच्या झोताने गंज काढणं) एसए अडीच या स्वच्छतेच्या दर्जापर्यंत, आणि चार तासांत प्रायमर. तेवढ्यात रंगवता येईल इतकंच ब्लास्ट करा, उद्यासाठी म्हणून उरकून ठेवू नका. खाडीकडच्या वाऱ्याने उघड्यावर पडलेल्या मालावर मीठ बसतं. ब्लास्टिंगने ते पूर्ण जात नाही. आधी गोड्या पाण्याने धुवा, नंतर ब्रेसल पॅचने (पृष्ठभागावरचं मीठ मोजायची चिकटपट्टी) तपासा.

इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी बोट फिरवून बघा. चिकट, पांढुरकी साय लागली तर तो अमाइन ब्लश. पाण्याने धुऊन, सुकवून मगच पुढचा हात. त्यावर तसाच पॉलियुरेथेनचा वरचा हात मारलात तर सोहारच्या उन्हात पापुद्रे निघतील. झिंक सिलिकेट प्रायमरला दमट हवा उलट मानवते, पण मंजुरीशिवाय रंगाची सिस्टिम बदलू नका.

शिफ्टमध्ये निदान तीनदा हवा, स्टील, आर्द्रता, दवबिंदू लिहून क्लायंटच्या इन्स्पेक्टरची सही घ्या. क्यूएस साहेबांच्या क्लेमला हाच कागद लागणार.

सोहार_साइट
ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी १२:३० ते ३:३० उघड्यावर काम बंद असतं. क्रेनचं भाडं मात्र शिफ्टचं लागतं. इरेक्शन (उभारणी) या महिन्यांत ढकललं जात असेल तर तेही नोटिशीत घाला. पहाटेची शिफ्ट लावायची असेल तर परवानगी आधीच मुख्य कंत्राटदाराकडून लेखी घ्या.

बेस प्लेट बदलली आहे ना? मग माल निघण्याआधी अँकर बोल्टचा (पायात रोवलेले, बेस प्लेट धरणारे बोल्ट) प्रत्यक्ष सर्व्हे मागवा. ड्रॉइंगवर नका जाऊ. बोल्ट १० मिलिमीटर सरकलेला असला तर तुमच्याकडे लोट्याला ड्रिल फिरवता येतं, इथे साइटवर भोक गॅसने कापावं लागतं आणि इन्स्पेक्टर ते नाकारतो.

चाळीस फुटी कंटेनर आतून साधारण १२.०३ मीटर, दाराची रुंदी २.३४. सुटे भाग ११.७ च्या आत ठेवा. पॅकिंगचं लाकूड आयएसपीएम १५ चा (कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का असलेलं. आणि गॅल्व्हनाइज्ड पर्लिन (छपराचे आडवे दांडे) प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत पाणी सुटून पांढरा गंज येतो. मध्ये पट्ट्या घाला, पाणी निथळायला थोडा उतार ठेवा.

लोटे_बे३
सगळ्यांचे आभार. २४ मेला ड्रॉइंग उशिरा आल्याचं व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, समोरून अंगठाही आला. ती नोटीस धरतील का?

गुहागरी_क्यूएस
त्या भरवशावर राहू नका. कलम १.३ बघा: लेखी, आणि करारात ठरलेल्या मार्गानेच. ईमेल मान्य आहे का ते टेंडरच्या परिशिष्टात असतं. नसेल तर कुरिअर, आणि पोचपावती सांभाळा. अंगठ्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडा, ड्रॉइंग कधी आली एवढं तरी त्यातून दिसेल.