आजीचं चित्र: फोटो बाजूला ठेवून बघा

फोटोवरून केलेलं आजीचं तैलचित्र हुबेहूब आलं, पण परकं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते अडचण सावल्यांची आहे. फोटोत त्या बऱ्याचदा नुसत्या काळ्या येतात. आजींना सकाळी आठच्या आत केळीच्या बागेत बसवा. हनुवटीखाली पानांचा हिरवा उजेड पडतो, तो फोटोत क्वचितच सापडतो. आधी 20-20 मिनिटांची तीन रेखाटनं करा, तीही फक्त हातांची. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापताना तळवा कसा ताणतो, अंगठा कुठे टेकतो, ते बघा. माणूस हातात जास्त असतो, खरंच!

मागची काळी माती बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून करा. आयव्हरी ब्लॅक हा तयार काळा रंग फार सावकाश वाळतो. त्यावर लवकर वाळणारा अंबर चढवला की पुढे तडे जातात. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, नंतरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. आपल्याकडच्या मे महिन्यात टर्पेंटाइन भराभर उडतं, म्हणून वाटीत थोडंच घ्या. वरून कोरडं लागलं तरी आतला रंग ओलाच असतो. वॉर्निशला सहा महिने थांबा.