सोसायटीने एअर प्युरिफायर घ्यायचे, की शेजारच्या साइटशी भांडायचं?

चेंबूरचा जुना
येत्या रविवारी आमच्या सोसायटीची जनरल बॉडी आहे. विषयपत्रिकेत एक विषय असा: ज्येष्ठांचा हॉल आणि तळमजल्यावरची बालवाडी यांच्यासाठी सिंकिंग फंडातून एअर प्युरिफायर घेणे. कारण उघड आहे. दोन्ही बाजूंना रिडेव्हलपमेंट, दिवसभर ब्रेकर, आणि डिसेंबर लागला की निम्मी इमारत खोकतेय.

माझा विरोध आहे. साइटने नियम पाळायचे नाहीत आणि भुर्दंड आम्ही भरायचा, हे कसलं गणित? ऑक्टोबर २०२३ मध्ये हायकोर्टाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, त्याच महिन्यात महापालिकेची नियमावली आली. एक एकराहून मोठ्या प्लॉटभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान प्लॉटला २५ फूट, इमारतीभोवती हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाडकामावर पाणी मारणं, गेटवर डंपरची चाकं धुणं. आमच्या शेजारचे पत्रे पुरुषभर उंचीचे आहेत आणि जाळी एकाच बाजूला, तीही फाटून लोंबतेय. डिसेंबर २०२४ अखेर बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवली होती की नाही? म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

एकदा का प्युरिफायर आला की माणसं खिडक्या लावून गप्प बसतात, मग तक्रार करायला उरतं कोण? मतं सांगा.

सानूची आई
भांडा की, अडवलंय कुणी? पण माझ्या मुलीला दमा आहे. तुमच्या तक्रारीवर कारवाई होईपर्यंत तिने श्वास रोखून बसायचं का? आम्ही फक्त तिच्या झोपायच्या खोलीत प्युरिफायर ठेवलाय. खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला जुना टॉवेल. तेव्हापासून रात्री उठून पंप द्यायची वेळ बरीच कमी आली. गेल्या मार्चमध्ये फिल्टर बदलला तेव्हा पांढऱ्या घड्यांमध्ये काळं काही बसलेलं होतं. बोट फिरवलं तर तेलकट लागलं, साबणाने धुतलं तरी नखात राहिलं. ते तिच्या छातीत गेलं असतं. यात राजकारण, तत्त्व वगैरे मला सांगू नका.

साइटवरचा इंजिनिअर
पत्र्यांच्या बाबतीत मी बिल्डरची बाजू घेणार नाही, ते लावलेच पाहिजेत. पण ताई, तुमच्या फिल्टरवरचं तेलकट काळं हे सिमेंट नव्हे. सिमेंट आणि विटांची धूळ करडी-तांबडी, बरीचशी जाड, लवकर खाली बसणारी. तुमच्या ग्रिलवर दिसते ती. काळं येतं ते जळण्यातून: डिझेल, कचऱ्याच्या शेकोट्या, लाकडावरच्या भट्ट्या. बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावं असं हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, ते उगाच नाही. चेंबूरला शिवाय रिफायनऱ्या आहेत, देवनारचं डम्पिंग आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं होतं तेव्हाचा धूर विसरलात? साइट डोळ्यांना दिसते म्हणून सगळा राग साइटवर निघतो.

चेंबूरचा जुना
जाड धूळ लवकर खाली बसते म्हणे! १० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण श्वासनलिकांमध्ये शिरतात, ते खाली बसत नाहीत, आत बसतात. आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या सिलिकाचं काय? तुमच्याच साइटवरची पोरं तोंडाला गमछा बांधून ग्राइंडर चालवतात. गमछ्याने सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, थांबत असता तर काय पाहिजे होतं.

साइटवरचा इंजिनिअर
हा मुद्दा बिनतोड. मास्क दिले तरी उकाड्यात घालत नाहीत, ही अडचण आहे, सबब नाही.

निवृत्त डॉक्टर
दोन्ही बाजू एकमेकांवर ओरडताहेत, म्हणून थोडं कामाचं लिहितो.

ज्येष्ठांच्या हॉलमध्ये प्युरिफायर म्हणजे पैसे पाण्यात. दार दर पाच मिनिटांनी उघडणार, कुणीतरी 'गुदमरतंय' म्हणून खिडकी उघडणार, कोपऱ्यात उदबत्ती असणारच. बंद खोलीत मात्र तो नक्की काम करतो. घेताना हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) आहे का आणि खोलीच्या आकाराला पुरेल इतकी हवा तो तासाला गाळतो का, एवढंच बघा. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसांना त्रास देतो. आणि खोलीत प्युरिफायर चालू असताना डासांची कॉइल लावणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

मास्क एन-९५, नाकाच्या बाजूने फट न राहता. कापडी मास्क बारीक कणांपुढे जवळजवळ निरुपयोगी.

आता ज्येष्ठांचं मुख्य दुखणं: पहाटे साडेपाचचं फिरणं. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. हा उलटा थर झाकणासारखा बसतो आणि रात्रभरचा धूर-धूळ खालीच कोंडून राहते. ऊन चढलं की थर मोडतो, दुपारी समुद्राचा वारा आला की आणखी बरं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत फिरायला अकराला किंवा चारला जा. 'पहाटेची शुद्ध हवा' मुंबईच्या हिवाळ्यात मिळत नाही. हे मी पेशंटना सांगून थकलो, कारण खरी ओढ हवेची नसते, कट्ट्यावरच्या चहाची असते.

आणि ॲपवरचे आकडे तोंडावर फेकण्याआधी मोजपट्टी बघा. पीएम २.५ चं, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं, प्रमाण घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर हवेचा भारतीय निर्देशांक (एक्यूआय) १०० दाखवतो, म्हणजे 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा तर १५ आहे. शिवाय आपला सरकारी आकडा २४ तासांची सरासरी असतो, खिडकीबाहेर आत्ता काय आहे ते तो सांगत नाही.

हिशेबनीस
सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. त्यातून प्युरिफायर घेतले तर ऑडिटर विचारेलच. हवेची बाजू तुम्ही बघा, मी एवढंच सांगून जातो.

इरईकाठ
मुंबईकरांचं वाचून मौज वाटली. आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळसा खाणी, जवळच सिमेंटचे कारखाने, आणि समुद्राचा वारा नाही. पांढरा सदरा गच्चीवर वाळत घातला तर संध्याकाळी झटकूनच घरात घ्यावा लागतो. २०१० मध्ये केंद्र सरकारने इथे नवीन उद्योगांवर काही काळ बंदी घातली होती, एवढं प्रदूषण मोजलं गेलं होतं. आणि तुमचे प्युरिफायर चालणार कुठल्या विजेवर? त्यातली थोडीफार आमच्या कोळशाची असेल की! तुम्ही दारं बंद करा, धूर आम्ही सांभाळतो.

सानूची आई
दादा, पटलं. पण म्हणून मी यंत्र बंद करायचं का? त्याने चंद्रपूरची हवा सुधारणार असेल तर सांगा.

इरईकाठ
बंद करू नका. लेकरू आधी. राग तुमच्यावर नव्हता.

कडू कारलं
चेंबूरला पूर्वी गॅस चेंबर म्हणायचे. आम्ही तिथेच वाढलो, काय झालं?

निवृत्त डॉक्टर
ज्यांना काही झालं ते इथे लिहायला नाहीत. पुढचं बोला.

कडू कारलं
बोलतो. जुने, तुमची स्वतःची इमारत पुढच्या वर्षी पाडायला जाणार ना? तेव्हा पत्रे, पाणी, चाकं धुणं हे सगळं बिल्डरबरोबरच्या करारात घालणार का? त्यापायी नव्या घरात मिळणारं जादा क्षेत्रफळ थोडं कमी झालं तरी? की समोरच्या इमारतीने तेव्हा प्युरिफायर घ्यायचे?

चेंबूरचा जुना
घालायला लावणार. मसुदा वकिलांकडे आहे, त्यात धुळीचं अवाक्षर नाही आणि कमिटीतल्या काहींना ते तसंच राहिलेलं चालणार आहे. रविवारी तोही विषय काढतो. बालवाडीच्या खोलीला एक प्युरिफायर मी मान्य करेन, वर्गणी काढून. हॉलला नाही. आणि त्याच ठरावात फाटक्या जाळीचे फोटो जोडून तक्रारीचं पत्र, नाहीतर माझं मत विरोधात. सानूच्या आई, तुम्ही आमच्याच भागात असाल तर मीटिंगला या.

सानूची आई
मी ठाण्यात राहते हो. आमच्याकडे डंपर चाकं न धुता थेट घोडबंदर रोडला लागतात. त्याची तक्रार कुठे करायची, तेवढं लिहा कुणीतरी.