गोल्ड कंट्रीत नुसतं पॅनिंग करून परत येणाऱ्यांनो, गावातली म्युझियमं का टाळता?

डोंगरवेडा:
लाँग वीकेंड जवळ आला की बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर हमखास विचारणा येते, पोरांना घेऊन गोल्ड कंट्रीत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात जायचंय, पॅनिंग, म्हणजे तसराळ्यात गाळ धुवून सोनं शोधणं, कुठं चांगलं? आणि खाली सगळे एकजात कोलोमा नाहीतर कोलंबिया, ही दोन स्टेट पार्कं सांगून मोकळे. मग फोटो येतात, पोरगं पन्हळीपाशी वाकलेलं, हातात पॅन, आणि नंतर छोट्या कुपीत चार चमचमते कण, जे बहुतेक वेळा त्या पन्हळीत आधीच टाकून ठेवलेले असतात. माझं स्पष्ट मत आहे की हे नाही केलं तरी काही बिघडत नाही, पण हायवे ४९ वरच्या गावांतली छोटी म्युझियमं न बघता परत येणं म्हणजे पेट्रोल फुकट घालवणं.

कारण सांगतो. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शलला सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं दिसलं, पुढच्या वर्षी सगळं जग तिकडं लोटलं, आणि पॅननं निघणारं वरवरचं सोनं थोड्याच वर्षांत संपत आलं. त्यानंतर जे शंभर वर्षं चाललं ती चक्क इंडस्ट्री होती, शेअर, कंपन्या, पगारी मजूर, संप वगैरे सगळं. ग्रास व्हॅलीची एम्पायर माइन १८५० ते १९५६ चालली, ५८ लाख औंस सोनं काढलं, आत ३६७ मैल बोगदे. तिथं त्या सगळ्या बोगद्यांचं एक मॉडेल ठेवलंय, कंपनीनं ते त्या काळी लपवून ठेवलं होतं, शेजारच्या खाणवाल्यांना कळू नये म्हणून! ते बघितलं की गावाच्या खाली काय पोखरलंय ते कळतं आणि बाहेर येऊन रस्त्यावरनं चालताना जरा विचित्रच वाटतं. त्याच गावात नॉर्थ स्टार खाणीचं म्युझियम आहे, तिथं ३० फूट व्यासाचं पेल्टन व्हील, म्हणजे पाण्याच्या झोतानं फिरणारं चाक आहे. आपण इंजिनिअरिंगला ज्याची डायग्राम काढून काढून कंटाळलो तेच. लेस्टर पेल्टन हा तिथल्याच डोंगरातल्या कॅम्पटनव्हिलचा मिस्त्री माणूस, १८८० चं पेटंट, आणि त्याच जातीची चाकं पुढं आपल्या खोपोलीला टाटांच्या पॉवरहाऊसमध्ये बसली. हे पोरांना दाखवायचं सोडून कुपी?

सॅनहोजेकर:
डोंगरवेडा, तुमचा उत्साह समजतो पण हे तुम्ही एकट्यानं फिरणाऱ्या माणसासारखं लिहिलंय. मला दोन पोरं आहेत, धाकटी सहा वर्षांची. अशा काउंटी म्युझियममध्ये दहाव्या मिनिटाला "बाबा, झालं का" सुरू होतं आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच होतं. सगळीकडं तेच, कुणाच्या तरी आजीचा वेडिंग गाऊन, एक पियानो, एक टाइपरायटर, भिंतीवर दाढीवाल्यांचे फोटो, कोपऱ्यात गंजलेली कुदळ, आणि खाली कार्डावर अमुक कुटुंबाकडून भेट. डोळे बांधून एका गावच्या म्युझियममधून दुसऱ्या गावच्या म्युझियममध्ये नेलं तर कळणार नाही कुठं आलो ते. वर बऱ्याच ठिकाणी फक्त शनिवार-रविवार नाहीतर फक्त उन्हाळ्यात उघडं, कारण सगळा कारभार रिटायर्ड व्हॉलंटियरांवर.

पॅनिंगला नावं ठेवायची फॅशन झालीय. पोरगी अर्धा तास पाण्यात हात घालून बसली, बोटं बधिर झाली, हाती काही लागलं नाही आणि तिनंच विचारलं, मग ते लोक घरी परत का नाही गेले? हा प्रश्न कुठल्या काचेच्या कपाटानं तिला पाडला असता सांगा.

फ्रीमाँटची_काकू:
सॅनहोजेकरला अनुमोदन. आमच्या ह्यांना प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचायची असते, मी आणि सूनबाई बाहेर बाकावर. पण एम्पायर माइनमध्ये मी स्वतःहून पाटी वाचली बाई, सोन्याचा भाव सरकारनं ३५ डॉलर औंसाला बांधून टाकलेला, १९३४ पासून. तिकडं मजुरी वाढतेय, सामान महागतंय आणि भाव जागच्या जागी, म्हणून खाण परवडेना आणि शेवटी संप होऊन बंद पडली. म्हणजे सोनं संपलं म्हणून नाही! मी ह्यांना म्हटलं, आत्ता उघडा म्हणावं, मी पाटल्या करायला टाकते.

डोंगरवेडा:
काकू, उघडायला निघाले होतेच. त्याच गावातली दुसरी एक मोठी जुनी खाण परत सुरू करायचा प्रस्ताव होता, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये काउंटीच्या सुपरवायझरांनी तो एकमतानं फेटाळला. हेच तर म्हणतोय मी, म्युझियममध्ये बोलणारे म्हातारे आजोबा ह्या भांडणात कुठल्या ना कुठल्या बाजूला होते. त्यांना विचारा, पाटी वाचू नका. सॅनहोजेकर, ज्या व्हॉलंटियरांना तुम्ही अडचण समजताय तीच तिथली खरी मजा आहे.

खडीसाखर:
तुम्ही दोघं पॅन की कपाट ह्यावर भांडताय आणि मला दोन्हीत एकच गोष्ट खटकते. ही म्युझियमं कुणी भरली? ज्यांच्या घरात पियानो होता त्यांनी. ज्यांच्याकडं ठेवायला घरच उरलं नाही त्यांचं काय? मिवोक, मैदू, निसेनान ह्या इथल्या मूळ लोकांची एक टोपली, दोन बाणांची टोकं, पहिल्याच कपाटात, जणू ते सोनं सापडायच्या आधी होते आणि मग आपोआप हवेत विरले. आपोआप नाही विरले. १८४८ ला कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी साधारण दीड लाख होते असा अंदाज आहे, १८७० पर्यंत तीस हजाराच्या आसपास. रोगराई होतीच, पण पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट जानेवारी १८५१ मध्ये विधिमंडळापुढं उघड म्हणाला होता की हा वंश नामशेष होईपर्यंत युद्ध चालूच राहणार. त्यांना मारायला निघालेल्या गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांच्या मोहिमांचा खर्च राज्यानं उचलला. गव्हर्नरनं ह्याची माफी मागितली कधी, तर २०१९ ला. आता सांगा किती गावच्या म्युझियममध्ये बर्नेटचं ते वाक्य मोठ्या अक्षरात लावलंय.

आणि टॅक्स! १८५० ला परदेशी खाणवाल्यांवर महिन्याला २० डॉलर, मेक्सिकन लोकांना हाकलायला, तो रद्द केला तर १८५२ ला तीन डॉलरचा नवा, तो मुख्यतः चिन्यांच्या गळ्यात. आपण इथं व्हिसाच्या रांगेत उभे राहणारे लोक, आपल्याला तरी हे कपाट आधी दिसायला पाहिजे.

डोंगरवेडा:
खडीसाखर, मुद्दा शंभर टक्के मान्य पण सगळ्यांना एकाच मापानं मोजताय. फिडलटाउनला गेलायत का? इवलंसं गाव, तिथं च्यू की स्टोअर म्हणून मातीच्या जाड भिंतींचं चिनी वैद्याचं दुकान आहे, १८५० च्या दशकातलं. आत औषधांचे खण आहेत, चिनी अक्षरं लिहिलेले, आणि शेवटचा चिनी रहिवासी १९६५ ला वारला तोवर ते घर म्हणून वापरात होतं, त्यामुळं कुणी नंतर सजवून मांडलंय असं वाटतच नाही. नेव्हाडा सिटीच्या जुन्या फायरहाऊसमधल्या म्युझियममध्ये चिनी देवळातला देव्हारा सांभाळून ठेवलाय. हे कुठल्या सरकारी प्रकल्पानं नाही केलं, गावातल्या लोकांनीच टिकवलं.

सॅनहोजेकर:
बरं झालं फिडलटाउन काढलंत, आता मी कोलोमा काढतो, कारण तुम्ही स्टेट पार्कला जत्रा ठरवून मोकळे झालात. कोलोमाला फक्त गिरणीची प्रतिकृती आणि पॅन नाहीये. तिथं नॅन्सी गूच ह्या बाईची गोष्ट सांगतात. मालकानं १८४९ ला गुलाम म्हणून आणलेली, कॅलिफोर्निया गुलामगिरी नसलेलं राज्य झाल्यावर सुटली, खाणवाल्यांचे कपडे धुवून, स्वैपाक करून पैसे साठवले आणि मिसुरीत मागं राहिलेल्या मुलाला, सुनेला, नातवंडांना आणवलं. पुढं त्या कुटुंबानं तिथंच जमीन घेतली, बागा केल्या. आणि ती जमीन नंतर सरकारनं पार्कसाठी घेतली, हेही आता बोललं जातंय, वंशजांनी आवाज उठवल्यावर. मार्शल स्वतः १८८५ ला कफल्लक मेला आणि पाच वर्षांत त्याचा भलामोठा पुतळा टेकडीवर, नदीकडं बोट दाखवत. एका चालण्यात दोन्ही गोष्टी कळतात, आणि मधे पोरं नदीत खेळतात. पॅनिंगला फक्त हात आणि पॅन चालतं, बाकी काही नाही, पन्हळीत टाकलेलं सोनं नको असेल तर तिथं नदीवर करा की.

खडीसाखर:
"आता बोललं जातंय" हे महत्त्वाचं. म्हणजे वंशज भांडले नसते तर बोललं गेलं नसतं.

सॅनहोजेकर:
बरोबर, पण मग श्रेय भांडणाऱ्यांना द्या आणि पार्कनं निदान ऐकलं म्हणा. गावच्या म्युझियममध्ये तक्रार कुणाकडं करणार, काउंटरवरच्या आजींकडं?

भूगर्भ_विद्यार्थी:
जरा उशिरा आलो. नदीत पोरांना बसवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची होती, घाबरवायला नाही. इथं सोनं पकडायला पारा वापरायचे. लाकडी पन्हळीच्या तळाला पारा ओतायचा, सोन्याचे बारीक कण त्याला धरतात, मग ते मिश्रण तापवून पारा उडवायचा. बराच पारा पाण्याबरोबर निसटायचा, तो आजही गाळात आहे, आणि म्हणून सिएराच्या पायथ्याच्या बऱ्याच नद्या-तलावांतले मासे किती खावेत ह्याच्या सूचना लावलेल्या असतात. हात घालून खेळलं म्हणून काही होत नाही, पकडून रोज खाल्ले तर प्रश्न.

ह्याचं सगळ्यात भयानक आणि तितकंच सुंदर म्युझियम म्हणजे मालाकॉफ डिगिन्स. १८५३ च्या सुमाराला लोकांच्या लक्षात आलं की डोंगर खणण्यापेक्षा पाण्याच्या जोरानं पाडावा. मॉनिटर म्हणजे लोखंडी तोफ, पण पाण्याची, वरच्या डोंगरातून कालव्यानं आणलेलं पाणी बारीक तोंडातून सोडायचं आणि अख्खा उतार खाली. तिथली एक तोफ जवळून बघा, मागं तोल साधायला दगडांनी भरलेली पेटी असते, माणूस एका दांड्यानं फिरवायचा. समोर जो खड्डा आहे तो हजारो फूट लांब आणि काही ठिकाणी सहाशे फुटांच्या आसपास खोल खणलेला. सगळा गाळ खाली गेला, नदीचं पात्र वर आलं, खालच्या मेरीजव्हिल गावाला पूर, शेतं चिखलाखाली. शेवटी खालच्या लोकांनी कंपनीवर केस केली आणि ७ जानेवारी १८८४ ला जज सॉयरनं गाळ नदीत सोडायला बंदी घातली. अमेरिकेतल्या पर्यावरणाच्या पहिल्या मोठ्या निकालांत त्याचं नाव घेतात. आपल्याकडं धरणाच्या वरचे आणि खालचे भांडतात तेच सगळं.

आणखी एक, ग्रास व्हॅलीत खोल खाणी चालवणारे बरेचसे कॉर्निश होते, इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे. तिथली कथलाच्या-तांब्याच्या खाणींची कामं आटली तसे ते जगभर गेले, आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही. म्हणून गावात अजून पेस्टी, म्हणजे त्यांची सारण भरलेली भाजलेली करंजी विकतात.

फ्रीमाँटची_काकू:
कोलारला पण? माझे मामेसासरे बंगलोरला होते तेव्हा केजीएफचे साहेब लोक असं कायम बोलायचे, हे तेच का?

भूगर्भ_विद्यार्थी:
बहुतेक तेच काकू, १८८० पासून ब्रिटिश कंपनी होती, वरच्या कामांवर कॉर्निश मुकादम आणि खाली जीव धोक्यात घालणारे मुख्यतः तमिळ, तेलुगू मजूर. २००१ ला कोलार बंद पडलं.

डोंगरवेडा:
मजुरांवरून आठवलं, जॅक्सन गावाला कुणी जात नाही. तिथली केनेडी माइन ५,९१२ फूट खोल. शेजारच्या आर्गोनॉट खाणीत ऑगस्ट १९२२ मध्ये आग लागून ४७ जण खालीच अडकून मेले, केनेडीकडून बोगदा फोडून पोचायचा प्रयत्न झाला, आठवडे गेले. मेलेले बरेचसे इटालियन, सर्बियन, क्रोएशियन, घरी पैसे पाठवणारे. गावाच्या टोकाला ५८ फुटांची लाकडी चाकं आहेत, खाणीचा चोथा टेकडीपलीकडं उचलून टाकायला केलेली, म्हणजे तोच गाळाचा प्रश्न, निकालानंतर काढलेला मार्ग. सगळी आता उभी नाहीत. सॅनहोजेकर, पोरांना तिथं उभं करून वर बघायला सांगा, टाइपरायटरचा राग जाईल.

सॅनहोजेकर:
चाकं चालतील. बाहेर आहेत, धावता येतं. गाऊन आणि पियानो मात्र तुम्हीच बघा.

खडीसाखर:
जॅक्सनला जाताय तर तिथून पुढं पाइन ग्रोव्हजवळ चॉसेला आधी जा, आधी म्हणतेय मी, नंतर नाही. इंडियन ग्राइंडिंग रॉक. एकाच सपाट खडकात १,१८५ उखळं, मिवोक बायकांनी पिढ्यानपिढ्या ओकची फळं कुटून पडलेली. खडकावर चढू देत नाहीत, कठड्यावरून बघायचं, कडेनं कोरीव खुणा पण आहेत, ऊन तिरपं असेल तरच दिसतात. शेजारी म्युझियम आहे आणि सप्टेंबरच्या शेवटी बिग टाइम नावाचा मिवोकांचा मेळा भरतो, तेव्हा ते लोक स्वतः असतात तिथं, कपाटात नाही. आधी हे बघितलं की मग केनेडीची खोली बघताना डोकं वेगळं चालतं. डोंगरवेडांचा क्रम मला म्हणूनच मान्य नाही, तुम्ही १८४८ पासून सुरू करता.

डोंगरवेडा:
क्रम बदलायला माझी ना नाही, पण बिग टाइमच्या गर्दीत पार्किंग मिळवून दाखवा. आणि तरीही मी म्हणणार की यंत्र कळल्याशिवाय अन्याय कळत नाही, पाण्याची तोफ बघितल्यावर मेरीजव्हिलचा शेतकरी कळतो, नुसत्या पाटीनं नाही.

खडीसाखर:
उलट. शेतकरी कोर्टात गेला आणि जिंकला, त्याच्याकडं जमिनीचा कागद होता. मिवोकांना सोन्याच्या सुरुवातीच्या काळात कोर्टात गोऱ्यांविरुद्ध साक्षसुद्धा देता येत नव्हती. तोफ कितीही जवळून बघा, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

फ्रीमाँटची_काकू:
भांडा भांडा, मी सगळं लिहून घेतलंय. ती पेस्टी व्हेज मिळते का तेवढं सांगा कुणीतरी, आणि त्या नॉर्थ स्टारला बाहेर बाक आहे का.