‘दक्ष’ला विश्राम?

ध्रुवमत्स्य: आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने प्रस्तावित ‘दक्ष’ मोहिमेचे, गॅमा प्रस्फोट (दूरच्या अवकाशातून क्षणभर येणारे गॅमा किरणांचे लोट) टिपणारे दोन उपग्रह ही निव्वळ हौस आहे. या प्रस्फोटांचे इशारे नासाच्या स्विफ्ट आणि फर्मी उपग्रहांकडून काही सेकंदांत, फुकट मिळतात. तो पैसा लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणींवर लावा आणि दक्षला विश्राम द्या.

व्याध: ‘हौस’ वाचून डोकं फिरलं. स्विफ्ट २००४चा आहे. मार्च २०२४ मध्ये जायरोमुळे (दिशा सांभाळणारं यंत्र) सेफ मोडमध्ये गेला, म्हणजे निरीक्षणं थांबली, कक्षाही खाली येतेय. त्याच्या बॅट या प्रस्फोट शोधणाऱ्या उपकरणाला एका वेळी आकाशाचा जेमतेम नववा भाग दिसतो. फर्मीच्या तशाच जीबीएम उपकरणाला पृथ्वीआड नसलेलं सगळं दिसतं, पण प्रस्फोट मंद असला की जागा कित्येक अंशांनी चुकते. तेवढ्या पट्ट्यात तुमची हानलेची दुर्बीण काय शोधणार, कपाळ? १७ ऑगस्ट २०१७ची न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आठवा. १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरण दिसले, तेव्हा स्विफ्ट आणि भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट दोघांच्याही आड पृथ्वी होती. म्हणूनच दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना.

ध्रुवमत्स्य: पृथ्वी आड न येणारं कोनस-विंड हे प्रस्फोट टिपणारं उपकरण १९९४ पासून अवकाशात आहे की.

व्याध: आहे, पण ते एकटं जागा सांगत नाही. ते आहे एल१ या सूर्य-पृथ्वीमधल्या समतोल बिंदूपाशी, इथून १५ लाख किमी, म्हणजे ५ प्रकाशसेकंद. तिथे आणि पृथ्वीजवळच्या उपग्रहावर किरण पोचण्याच्या वेळेच्या फरकातून आकाशात एक कडं मिळतं, ठिपका नव्हे.

पिक्सेलपुराण: आधी घरचं बघा. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणावर प्रस्फोट आपोआप ओळखणारा ट्रिगरच नाही. फोटॉनची यादी जमिनीवर उतरणार, मग शोध, तोवर तास उलटतात. त्यात एक कॉस्मिक किरण आदळला की अनेक पिक्सेल एकदम पेटतात. हे गुच्छ आधी गाळले नाहीत तर पावलापावलाला ‘प्रस्फोट’. उपकरणाच्या चारपैकी एकाच चतुर्थांशात शिखर दिसलं तर तो गोंगाट समजायचा.

करवंद: तुमचं नेहमीचं रडगाणं. यादी पूर्ण उतरते म्हणूनच हवी ती वेळखिडकी लावून पुन्हा शोधता येतं. १०० केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) वर उपकरणाच्या भिंती पारदर्शक होतात, त्यामुळे बाजूचे प्रस्फोटही सापडतात. जानेवारी २०१७ मध्ये एका गुरुत्वलहरीशी (अवकाश-काळातल्या तरंगाशी) जोडला जाणारा प्रकाश प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रस्फोटाचा आहे, हे सीझेडटीआयनेच दाखवलं. ध्रुवीकरण, म्हणजे किरणांची कंपनं किती एकाच दिशेत आहेत ते मोजणं, तर सोडाच.

पिक्सेलपुराण: सोडा कशाला, तिथेच तर घोडं अडतं! शेजारच्या दोन पिक्सेलांत एकाच वेळी नोंद झाली की कॉम्प्टन विकिरण (फोटॉन इलेक्ट्रॉनला आदळून शेजारी उडणं) धरायचं आणि दिशांचा आलेख काढायचा. पण पिक्सेल चौकोनी. कडेचा शेजारी वेगळा, कोपऱ्याचा वेगळा, म्हणजे ध्रुवीकरण शून्य असलं तरी आलेख वरखाली होणारच. वर किरण येतात उपग्रहाच्या अंगातून. मग अख्ख्या उपग्रहाचं मास मॉडेल, म्हणजे कुठे किती वस्तुमान आहे याची संगणकी प्रतिकृती, चालवा. एवढं करून २० तेजस्वी प्रस्फोटांत बहुतेकांचं ध्रुवीकरण नगण्य!

करवंद: नगण्य हाही निकालच असतो, महाराज. प्रस्फोटातलं चुंबकक्षेत्र सुबक मांडून मोठं ध्रुवीकरण अपेक्षिणाऱ्या मॉडेलवाल्यांना विचारा, किती झोंबलं ते.

पिक्सेलपुराण: बरं, झोंबलं. तेवढं मान्य.

ध्रुवमत्स्य: तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. व्याध, दोन बाजूंचा मुद्दा घेतला, नाइलाजाने. पण स्विफ्टचा इशारा सेकंदांत उतरतो तो नासाच्या टीडीआरएस या संदेश पुढे पोचवणाऱ्या रिले उपग्रहांमुळे. दक्षने प्रस्फोट पकडला आणि खाली ग्राउंड स्टेशनच नसलं, तर इशारा टपालाने पाठवणार का?